घरी बनवलेला अँप चालत नाहीये? आयसी बदलायच्या आधी हे बघा

अँपमधून (अँप्लिफायरमधून) आवाज नाही म्हटलं की पहिला हात आयसीवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपवर जातो. ती बदलतात, नवी पण जाते, कारण जे कारण होतं ते तसंच बसलेलं असतं. म्हणून आधी स्पीकर काढून बाजूला ठेवा, तो सगळ्यात शेवटी.

मेन लाइनमध्ये 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजला लावा, म्हणजे करंट बल्बमधून होऊनच अँपला जाईल (एलईडी चालणार नाही). चालू केल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझत आला तर ठीक, फिल्टर कॅपॅसिटर (सप्लायचे मोठे कॅपॅसिटर) चार्ज झाले एवढंच, पण लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

टीडीए2030 ही अँपची आयसी वापरणाऱ्यांनी तर हे बघाच, त्या आयसीचा मागचा पत्रा आतून 3 नंबरच्या पायाला जोडलेला असतो, म्हणजे डबल सप्लायमध्ये (प्लस, ग्राउंड आणि मायनस असा सप्लाय) त्यावर मायनस येतं, आणि मायका (करंट अडवणारा पातळ पापुद्रा) न लावता ती हीटसिंकवर (आयसी थंड ठेवणारा ॲल्युमिनियमचा तुकडा) कसली आणि हीटसिंक ग्राउंडला टेकलं की झालाच शॉर्ट. मायका आहे पण स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश नाही, तरी तेच. सप्लाय बंद करून पत्रा आणि हीटसिंकमध्ये मीटरचा बीप वाजतो का बघा, वाजायला नको.

मग सप्लाय मोजा. 12-0-12 ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन्ही बाजूंना साधारण 16 व्होल्ट, लोड नसताना थोडे जास्तच. एकच बाजू येत असेल तर डायोड किंवा त्या बाजूची वायर तपासा.

आता खरी टेस्ट, आउटपुटवर डीसी किती. डबल सप्लायला काही मिलिव्होल्टच हवेत, तिथे 10-15 व्होल्ट दिसले आणि तुम्ही स्पीकर लावला की कॉइल जळालीच समजा. सिंगल सप्लायला (फक्त प्लस आणि ग्राउंड) आयसीच्या आउटपुट पायावर सप्लायच्या निम्मे व्होल्ट आणि आउटपुटच्या कॅपॅसिटरच्या पुढे शून्य, फक्त मोजताना स्पीकरच्या जागी 1 के रेझिस्टर लावा नाहीतर मीटर उगाच घाबरवतो.

भूंऽऽ आवाज येतोय? इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. गेला तर इनपुटची वायर शील्डेड (बाहेरून जाळी असलेली) घ्या, पॉटची (व्हॉल्यूमच्या कंट्रोलची) बॉडी ग्राउंड करा. राहिला तर बहुतेक ग्राउंडिंगचा घोळ, स्पीकरची आणि इनपुटची ग्राउंड वेगवेगळ्या वायरने फिल्टर कॅपॅसिटरच्या कॉमन पॉइंटपर्यंत आणा, वाटेत एकत्र करू नका.

गाणं चालू नसताना पण आयसी तापते? आउटपुटवरचा 1 ओहमचा रेझिस्टर आणि 0.22 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर गाळलाय का बघा, बरेच जण "काय फरक पडतो" म्हणून गाळतात, आणि मग अँप ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करत बसतो, जे कानाला ऐकूच येत नाही. सप्लायच्या पायांजवळ 0.1 मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर पण हवेत.

मधेच खरखर आणि आवाज जातो-येतो, तर पेनाच्या टोपणाने पार्ट हळूच ठोकून बघा. पायाभोवती बारीक गोल चीर किंवा निस्तेज सोल्डर दिसला की तो परत गरम करा. मग जुना एखादा स्पीकर लावा, व्हॉल्यूम अगदी कमी.