हॉलो ग्राइंडसाठी कॉन्टॅक्ट व्हील घेताय? आधी व्हर्नियर हातात घ्या

चाकूचं पातं हॉलो ग्राइंड करायचंय, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासायचंय, तर कुठलं कॉन्टॅक्ट व्हील (बेल्टच्या मागचं रबर चढवलेलं गोल चाक) घेऊ, असं कोणी विचारलं की लगेच उत्तर येतं, दहा इंची घे, सगळ्याला चालतं. नाही चालत. पातं किती जाड आणि बेव्हल, म्हणजे धारेकडे उतरणारा घासलेला भाग, किती उंच हे न विचारता जो व्हीलचा साइज सांगतो त्याचं ऐकू नका. दोन बाय बहात्तर इंची बेल्टचा ग्राइंडर तुमच्याकडे आहे, फ्लॅट ग्राइंड (सपाट उतार घासणं) थोडाफार जमतो, चष्मा आणि धुळीचा नीट मास्क लावता, एवढं धरून पुढचं लिहितोय.

पहिलं काम मापं घ्यायचं. पाठीची जाडी, बेव्हल किती उंच न्यायचा, आणि हार्डनिंगच्या (पातं तापवून कडक करण्याच्या) आधी धारेवर किती जाडी सोडणार. मी ०.५ मिमी सोडतो. तीनही आकडे कागदावर लिहा.

आता व्यास. इथेच मी अडकलो होतो म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीला माझ्याकडे ८ इंची व्हील होतं, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलेलं. ३ मिमीची ईएन ३१ पोलादाची पट्टी घेतली, बेव्हल छान उंच दिसावा म्हणून २५ मिमीवर रेघ मारली आणि दोन्ही बाजूंनी घासत गेलो. धारेवर अजून अर्धा मिमी माल आहे, म्हणजे आपण सेफ आहोत असं वाटत होतं, आणि अचानक धारेपासून सात-आठ मिमी वर बारीक फट पडली, पातं तिथे आरपार गेलं. धार शाबूत आणि तिच्या वर भोक! मला वाटलं हात कलला असेल, म्हणून दुसरं पातं आणखी जपून केलं, तेही तिथेच गेलं. तेव्हा कळलं की हाताचा दोष नव्हता, त्या मापात ते पातं होणंच शक्य नव्हतं.

कारण असं की गोल व्हील दोन्ही बाजूंनी पोट खात जातं, आणि व्हील जेवढं लहान तेवढा खड्डा खोल. सगळे पात्याच्या मधोमध जाडी बघतात, पण सगळ्यात पातळ जागा मधोमध नसतेच, ती धारेच्या बाजूला खाली असते. माझ्या त्या पात्याची मधली जाडी हिशोबाने ०.२ मिमी येते, म्हणजे कागदावर पातं वाचलेलं दिसतं, पण खाली सात-आठ मिमीवर ती शून्याच्याही खाली जाते.

म्हणून हे गणित पाठ करा. बेव्हलची उंची मिमीमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, दुप्पट करा, आणि पाठीच्या जाडीतून धारेची जाडी वजा करून जे येतं त्याने भागा. जो आकडा येईल तो व्हीलचा कमीत कमी व्यास, मिमीमध्ये. एवढा व्यास असला की पात्याची कुठलीच जागा धारेपेक्षा पातळ होत नाही. माझंच उदाहरण घ्या, २५ चा वर्ग ६२५, दुप्पट १२५०, भागिले २.५, म्हणजे ५०० मिमी, जवळजवळ २० इंची व्हील! आणि मी ८ इंचीवर घासत होतो. तीच ३ मिमीची पट्टी आणि बेव्हल १८ मिमी ठेवला तर २५९ येतं, म्हणजे १० इंची (२५४ मिमी) जवळपास बसतं. ४ मिमीच्या पट्टीवर १० इंचीने २१ मिमीपर्यंत जाता येतं, १२ इंचीने २३, १४ इंचीने जेमतेम २५. हात बसलेले लोक पातं व्हीलवर वरखाली सरकवत बेव्हल आणखी उंच नेतात, पण पहिल्या वीस-पंचवीस पात्यांत तो नाद करू नका.

स्वयंपाकघरातल्या सुरीला हॉलो ग्राइंड हवा म्हणून बरेच जण मागे लागतात. अडीच मिमीची सुरी, ४० मिमी उंच बेव्हल, करा गणित, १६०० मिमी व्यास. असं व्हील कुणाकडे नसतं. सुरी फ्लॅट प्लॅटनवर (बेल्टमागच्या सपाट पट्टीवर) करा, किंवा मोठ्या गोलाईचं रेडियस प्लॅटन (तशीच पण बाहेर वळलेली पट्टी) घ्या. उलट वस्तरा बघा, पातं जेमतेम १८ मिमी रुंद आणि पाठ ५ मिमीच्या आसपास, म्हणून त्याला लहान व्हील चालतं. वस्तऱ्याचं व्हील बघून चाकूचं व्हील ठरवू नका.

एकच व्हील घ्यायचं असेल तर माझं मत, १० इंची घ्या आणि बेव्हल त्याच्या हिशोबात ठेवा. दुसरं घ्याल तेव्हा १४ इंची, १२ नको, फरक फार थोडा पडतो आणि पैसे तेवढेच जातात.

मोठ्या व्हीलने स्पीड वाढतो हेही सारखं ऐकू येतं. बेल्टचा स्पीड मोटरवर बसलेलं ड्राइव्ह व्हील ठरवतं, कॉन्टॅक्ट व्हील नुसतं बेल्टबरोबर फिरतं. २८८० आरपीएमच्या मोटरवर ५ इंची ड्राइव्ह असेल तर बेल्ट सेकंदाला साधारण १९ मीटर पळतो, पुढे ८ इंची लावा नाहीतर १४ इंची. हां, १० इंची व्हील थेट त्या मोटरच्या शाफ्टवर चढवलंत तर मात्र तोच स्पीड ३८ मीटर होतो. हे अजिबात करू नका, पातं हातातून उडून जातं.

आता रबर. शोर ए (रबरच्या कडकपणाचं माप) ७० घ्या, गुळगुळीत. ५० च्या आसपासचं मऊ रबर बेल्टखाली दबतं आणि बेव्हलची वरची रेघ पुसट होते, धारेची कड गोल होते, मग लोक बेल्टला दोष देतात. ९० चं कडक व्हील माल भराभर काढतं पण बेल्टचा जोड प्रत्येक फेरीला हातात ठक् करून लागतो आणि पात्यावर आडव्या लाटा उठतात. खाचावालं व्हील कास्टिंग घासणाऱ्यांसाठी ठीक, हॉलोच्या फिनिशला त्याचा उपयोग नाही.

आमच्याकडे बडोद्यात तयार व्हील मागवायची गरज पडत नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अॅल्युमिनियमचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, टर्न करून घ्यायचा आणि रबर रोलर कोट करणाऱ्याकडे न्यायचा. तो पहिलं विचारेल, "शोर केटलो जोईए?" म्हणजे किती हवा, तेव्हा ७० असं स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहून द्या. मी एकदा नुसतं "चांगलं कडक टाका" म्हणालो होतो, त्या माणसाने छपाईच्या रोलरचं मऊ रबर चढवून दिलं आणि सगळं परत उतरवावं लागलं. व्हील घ्यायला जाल तेव्हा शोर मीटर लावून तुमच्या समोर दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

आणखी एक, रबरचा शेवटचा कट हबमध्ये बेअरिंग बसवून, त्याच बेअरिंगवर फिरवून मारायला सांगा. आधी रबर ग्राइंड करून मग बेअरिंग ठोकलं की व्हील हमखास लंगडतं. बेअरिंग ६२०३, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं, उघडं घेतलंत तर पोलादाची धूळ ते चार दिवसांत खाऊन टाकते. व्हीलचं तोंड सपाट हवं, फुगवटा फक्त ट्रॅकिंग व्हीलला (बेल्ट मधोमध धरून ठेवणाऱ्या चाकाला).

घरी आणल्यावर डायल गेज लावून हाताने फिरवा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर परत द्या. नंतर बेल्ट न लावता हाताने गरकन फिरवून सोडा, दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर बॅलन्स नाही.

प्लंजसाठी, म्हणजे बेव्हल मुठीच्या बाजूला जिथे संपतो त्या वळणासाठी, बेल्ट व्हीलच्या कडेबाहेर दोन-तीन मिमी काढा आणि रबरची कड बारीक एमरीने किंचित मोडा, करकरीत कोपरा पात्यात खाच पाडतो.

पहिली चाचणी भंगार पट्टीवर, ६० ग्रिटने, दोन्ही बाजूंनी, आणि मग ती पट्टी मधून आडवी कापून बघा. कापलेल्या तोंडावर सगळ्यात पातळ जागा कुठे आहे ते दिसतं, व्हर्नियरने मोजा आणि गणिताशी ताडून बघा.

काम संपलं की बेल्टचा ताण सोडायचा. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली व्हील रात्रभर ताणात राहिलं तर रबरला सपाट डाग पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक पात्यावर उमटतो.