पत्रकं येतील, पण पोस्टाने नव्हे

माझी मावसबहीण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात असते. तिच्या घरी निवडणुकीआधी पोस्टाने एक पुस्तिका येते. सरकारच छापतं आणि घरोघर पाठवतं. आत सगळे उमेदवार, त्यांचे फोटो, त्यांची निवेदनं. तिने व्हिडिओ कॉलवर पानं उलटून दाखवली तेव्हा मी विचारलं, हे खरं की खोटं कोण तपासतं? म्हणाली, कोणीच नाही, ज्याने जे लिहून दिलं ते तसंच छापतात. मग माझा हेवा जरा निवळला.

मला गोव्यात, म्हापशात येऊन वीस वर्षं होत आली. गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडीकडून नवीन आलेली मंडळी भेटली की खोलीचं भाडं विचारतात, शाळा विचारतात, मासळी कुठे स्वस्त हेही विचारतात. मताचं कोणी विचारत नाही. नाव गावच्या यादीत असतं आणि मतदानाच्या आदल्या रात्री गावाहून गाडी येते. परत जायचं असेल तर तसंच राहू द्या. पण इथे संसार मांडलात तर नाव इथे आणा, दोन ठिकाणी ठेवू नका. ते कायद्यात बसत नाही.

नाव हलवायला फॉर्म 8, नवा मतदार असेल तर फॉर्म 6. मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो, अडलं तर 1950 ला फोन करा. खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. विजेचं बिल मालकाच्या नावावर, आणि नोंदणी केलेला करार म्हटलं की मालक बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसल्या बसल्या विषय बदलतो. भाडेकरूचं नाव यादीत चढलं की तो घर बळकावेल ही इथली जुनी भीती आहे. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा आधी आधार आणि बँकेचं पासबुक इथल्या पत्त्यावर करून घ्या. हे सवडीने करा, ऐन वेळी नको. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव चढत नाही.

2012 च्या विधानसभेला मी नेमकं हेच टाळलं. खोली बदलली, पत्ता तसाच. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी सरकारी कर्मचारी, माझी मतदार चिठ्ठी घेऊन जुन्या खोलीवर गेली आणि मी नव्या घरी पोस्टमनची वाट पाहत बसलो. चिठ्ठी पोस्टाने येत नाही हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तिच्यावर तुमचं मतदान केंद्र आणि यादीतला क्रमांक असतो, उमेदवारांबद्दल अवाक्षर नसतं.

उमेदवारांची पत्रकं मात्र भरपूर येतात. पेपरात घडी घालून, फाटकाच्या गजात खोचून, कार्यकर्त्यांच्या हातून. मराठीत, कोंकणीत, रोमी (म्हणजे रोमन लिपीतल्या) कोंकणीत, इंग्रजीत, आणि भाड्याच्या खोल्यांकडे हिंदीत. एकाच उमेदवाराची दोन भाषांतली पत्रकं शेजारी ठेवून वाचा. आश्वासनं कधीकधी वेगळी निघतात, करमणूक होते.

पत्रक हातात आलं की आधी तळ बघा. मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे बंधनकारक आहे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला हे एका फजितीतून कळलं. एका उमेदवाराने देवस्थानची जमीन लाटली असं पत्रक पेपरातून आलं. मी ते शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवलं. दोन दिवसांनी तोच उमेदवार प्रचाराला आमच्या पायरीवर उभा. मी तावातावाने पत्रक पुढे केलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हांगा नांव खंय आसा?" म्हणजे, इथे नाव कुठे आहे? खाली कोरी पट्टी होती. मी चहा करायला आत गेलो.

त्याच रात्री एका ओळखीच्या वकिलांनी मला फॉर्म 26 म्हणजे काय ते सांगितलं. उमेदवाराने अर्जासोबत द्यायचं हे प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे मतदाराला ते पाहण्याचा हक्क मिळाला. त्यात गुन्हे, कर्ज, शिक्षण, पाच वर्षांचं उत्पन्न, नवरा-बायको आणि अवलंबितांची मालमत्ता असते. खोटं लिहिलं तर शिक्षा आहे. मावसबहिणीच्या पुस्तिकेपेक्षा मला हे कितीतरी भरवशाचं वाटतं, फक्त ते घरी कोणी आणून देत नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराच्या नावाखाली सापडतं.

इथले जाणकार त्यात सोनं-गाड्या सोडून आधी जमिनीचं पान उघडतात. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, कधी घेतली, कितीला घेतली. आपल्याकडे सातबारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. प्रतिज्ञापत्रातला सर्व्हे नंबर त्या उताऱ्याशी ताडून बघा. गोव्यात निम्मं राजकारण जमिनीचं आहे. मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात तर गप्पा दुसऱ्या कशावर होतच नाहीत. त्या फजितीतल्या उमेदवाराचं पान मी त्या रात्री वाचलं. देवस्थानची जमीन त्यात नव्हती. दुसऱ्या एका तालुक्यात मात्र बरीच होती, आणि त्याबद्दल पत्रकात चकार शब्द नव्हता.

विचारायची लाज धरू नका. गोव्यात विधानसभेचे मतदारसंघ 40, आणि एकेकात मतदार साधारण तीस हजारांच्या आतबाहेर. आपल्याकडे आमदार बॅनरवर दिसतो, इथे तो कोपरा बैठकीत समोरच्या खुर्चीवर असतो. 2022 मध्ये सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल 76 मतांनी लागला, म्हणून भाडेकरूचंही उमेदवार ऐकून घेतात. सुरुवात कोंकणीतून करा, पुढे मराठीत बोललात तरी चालतं.

पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तिथे पत्रकापेक्षा वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, चौकशी कामाची.

आणि मतदानाला जाताना मतदार ओळखपत्र किंवा आधार खिशात असू द्या. चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. दरवेळी कोणीतरी रांगेतून घरी पळतंच.