‘पुन्हा आत आला’ म्हणजे नेमकं काय? तुरुंगातल्या समाजकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं फिल्डवर्कसाठी आमच्याकडे येतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, “ताई, ही पोरं खरंच सुधारतात का?” मी बारा वर्षं तुरुंगातल्या तरुण बंद्यांसोबत काम करते आहे. त्यातले बहुतेक गाडीचोरीच्या केसमधले, अठरा ते पंचविशीतले. चारचाकीवाले थोडे, दुचाकीवालेच जास्त. या प्रश्नावर मी त्यांना बरॅकमधल्या कुठल्याही मुलाशी बोलून यायला सांगते. मागच्या खेपेला आत होतास तेव्हा काय शिकलास, एवढंच विचारायचं. उत्तर ठरलेलं असतं: “मी कच्चा कैदी होतो ना. कच्च्याला काम नसतं.”

नव्या माणसाने सगळ्यात आधी हा कच्चा-पक्का फरक समजून घ्यावा. कच्चा म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली लागलेला नाही, पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. आपल्याकडे बंदी-सुधारणेची परंपरा मोठी आहे. औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली, तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. येरवड्याला कारखाना आहे, आणि 2022 पासून राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना आहे, 50,000 रुपयांपर्यंत. हे सगळं मनापासून चांगलं आहे, पण ते शिक्षा लागलेल्यांसाठी, म्हणजे पक्क्या कैद्यांसाठी. देशातल्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 100 पैकी सुमारे 76 जण कच्चे होते.

गाडीचोरीतला मुलगा तर जवळजवळ नेहमीच कच्चा असतो. साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षांची शिक्षा. हा मुलगा जामीनदार नाही म्हणून सात-आठ महिने बसून राहतो, कंटाळतो, आणि एका तारखेला गुन्हा कबूल करून मोकळा होतो. भोगलेली कैद शिक्षेतून वजा होते आणि तो त्याच संध्याकाळी बाहेर. कागदावर तो शिक्षा भोगलेला गुन्हेगार. प्रत्यक्षात त्या आठ महिन्यांत त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं, त्याच्या व्यसनावर उपचार झालेले नसतात, घरच्यांशी कुणी बोललेलं नसतं. अशा मुलाकडे बोट दाखवून पुनर्वसनाचा उपयोग होत नाही असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. पुनर्वसन त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

कबुलीबद्दल एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 303 प्रमाणे चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरलं, तर किमान 1 वर्ष आणि कमाल 5 वर्षं सक्तमजुरी. म्हणजे आज लवकर सुटण्यासाठी केलेली कबुली पुढच्या वेळी अंगावर येते. मुलगा कबुलीचं बोलायला लागला, की लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे आरोपींना मोफत मिळणाऱ्या, वकिलांना आधी त्याच्याशी बोलायला लावा. ते विनामूल्य असतं आणि पुष्कळ मुलांना ते माहीतच नसतं.

माझ्या रजिस्टरमध्ये सुरुवातीला एक रकाना होता: ‘पुन्हा आत आला’. हो किंवा नाही, एवढंच. दोन वर्षं मी तो इमानाने भरला आणि ‘हो’ लिहिताना दर वेळी खचले. मग एक मुलगा परत आला. घरी गेला होता, बिगारी कामाला लागला होता, मी त्याच्या आईला भेटून आले होते. मी त्याला जरा रागानेच विचारलं, आता कुठली गाडी उचललीस? तो माझ्याकडे बघतच राहिला. “गाडी नाय ताई. जुन्या केसची तारीख चुकली. ठेकेदार म्हणाला, सुट्टी घेतलीस तर उद्यापासून येऊ नको.” तारीख चुकली म्हणून अजामीनपात्र वॉरंट, वॉरंट म्हणून अटक, आणि अटक म्हणून कामही गेलं.

त्या रात्री मी रकान्याचे तीन रकाने केले: नवा गुन्हा, जुन्या केसचं वॉरंट, आणि दुसऱ्या पोलीस ठाण्याने घेतलेला ताबा. या तिसऱ्याबद्दल बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. दुचाकी चोरणाऱ्याच्या नावावर सहसा एकच गुन्हा नसतो. एका ठाण्याच्या केसमध्ये जामीन झाला, की दुसरं ठाणं ताबा घेतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे. याआधी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कच्च्यात काढला तर त्याला जामिनावर सोडावं, इतरांना निम्म्या काळानंतर. पण एकाहून जास्त केस चालू असतील तर हा लाभ नाही. गाडीचोरीतली पोरं नेमकी इथेच अडकतात.

माझी एक चूकही सांगते, कारण नवीन येणारे जवळजवळ सगळे ती करतात. एका मुलाचा हात इंजिनवर फार छान बसलेला. आवाज ऐकून प्लगचा दोष आहे की कार्ब्युरेटरचा, हे सांगायचा. सुटल्यावर मी त्याला एका गॅरेजात लावलं आणि त्याच्या केसबद्दल मालकाला काही सांगितलं नाही. वाटलं, कशाला पोराला डाग लावायचा? दोन महिन्यांनी त्या गल्लीतून एक मोपेड गेली. चौकशीला पहिला तोच उचलला गेला, कारण रेकॉर्डवर त्याचं नाव होतं. दोन दिवसांनी सोडलं, गाडी त्याने नेली नव्हती. पण मालकाला सगळं पोलिसांकडून कळलं आणि दार बंद झालं. त्यानंतर तो पाच महिन्यांत खरोखर चोरीच्या केसमध्ये आत आला. या ‘हो’मध्ये माझाही वाटा आहे, असं मी मानते. तेव्हापासून मुलाच्या संमतीने मालकाला आधी सगळं सांगते. दहातले सात जण नाही म्हणाले तरी चालेल, पण जो हो म्हणतो तो टिकतो.

सगळ्या गाडीचोरांना एका मापाने मोजू नका. पेट्रोल संपेपर्यंत फिरवून गाडी तिथेच टाकून देणारा पोरगा वेगळा, नशेसाठी मिळेल त्या किमतीला विकणारा वेगळा, आणि चेसिस नंबर बदलून गाड्या परराज्यात धाडणाऱ्या टोळीतला वेगळा. पहिल्याला घराचं दार उघडं असेल, तर तो यातून बाहेर पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दुसऱ्याला व्यसनमुक्तीचे उपचार न देता नोकरी दिली, तर पहिल्या पगाराला सगळं कोसळतं. तिसऱ्याला आपल्या समुपदेशनाने फारसा फरक पडत नाही, आणि तसं त्यातल्या काहींनी मला सरळ सांगितलंही आहे.

आता रोजच्या कामाचं थोडं. तुरुंगात जायला कारागृह प्रशासनाची लेखी परवानगी लागते, मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. ‘तू चोरी केलीस का?’ हे कच्च्या कैद्याला कधीही विचारू नका. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, तसं कवच आपल्याला नाही. जामीन मंजूर होऊनही मुलगा 7 दिवसांत सुटला नाही, तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे 2023 चे निर्देश आहेत. कळवलं का, ते विचारत राहा. आणि सुटकेच्या संध्याकाळी शक्य असेल तर गेटवर थांबा. हातात कपड्यांची पिशवी, बंद पडलेला फोन, आधार कार्ड पोलिसांकडे किंवा हरवलेलं, खिशात घरी पोचण्याएवढेही पैसे नाहीत. रस्त्यापलीकडे जुना मित्र गाडीवर बसून वाट बघत असतो. त्या वेळी तिथे तुम्ही नसाल, तर तो त्याच्याच मागे बसून जातो.

तारीख चुकलेला तो मुलगा आता एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये आहे. मालकाला सगळं माहीत आहे. दोन केस अजून चालू आहेत. तारखेच्या आदल्या रात्री तो मला फोन करून कोर्ट नंबर पुन्हा विचारतो. गेल्या महिन्यात गेले, तेव्हा वेल्डिंगच्या धुराने काळवंडलेल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं आणि त्यात तीन तारखांना लाल गोल होते. दोन त्याच्या कोर्टाच्या. तिसरा कसला म्हणून विचारलं, तर मालकाच्या मुलीचा साखरपुडा होता, आणि मांडवाचं लोखंडी काम त्याच्याकडे दिलं होतं.