बाथरूमच्या जुन्या लाद्या: मिस्त्रीला बोलावण्याआधीची तयारी

लादीच्या दुकानात सगळ्यात शेवटी जायचं, हे आधी मनाशी पक्कं करा. आम्ही पहिल्या खेपेला उलटं केलं होतं. मुलुंडचं आमचं घर १९८६ च्या इमारतीतलं. बाथरूम चार बाय सहा फुटांचं, भिंतींना सहा इंची पांढऱ्या लाद्या, त्यांचे सांधे काळे पडलेले. एका रविवारी दुकानात गेलो, फिकट हिरवी लादी आवडली आणि आठवड्याभरात मिस्त्रीने ती जुन्या लादीवरच चिकटवून दिली. बाथरूम उजळलं, सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत खालच्या काकूंच्या पॅसेजमध्ये छताला पिवळा डाग धरला, मग पोपडे सुटले. काकू भांडल्या नाहीत. थेंबाखाली घमेलं ठेवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ ते रिकामं करायच्या. शेवटी नवी लादी, जुनी लादी, खालचा कोबा, सगळं फोडावं लागलं. एकाच बाथरूमचे पैसे दोनदा गेले आणि काकूंना दीड वर्ष त्रास झाला, त्याचं वाईट आजही वाटतं. म्हणून ही तयारी इतक्या बारकाईने लिहिते आहे. हातात पैसे बेताचे असतील तर त्यातले पहिले पाण्याची वाट नीट करण्यावर जाऊ द्या. उरतील त्यातून लादी घ्या.

सुरुवात रुपयाच्या नाण्याने करा. प्रत्येक लादीवर चार कोपऱ्यांत आणि मधोमध हलकं ठोकायचं. घट्ट बसलेली लादी टणक वाजते, मागून सुटलेली पोकळ, बद्द वाजते. पोकळ वाजणाऱ्या लाद्यांवर मार्करने फुली मारत जा. नळांच्या आजूबाजूला, खिडकीखाली आणि जमिनीलगतच्या ओळीत जास्त लक्ष द्या, कारण पाणी तिथेच मुरतं. दोन-चार फुल्या असतील तर तेवढ्याच लाद्या काढून परत बसवता येतात. एखाद्या भिंतीवर फुल्याच फुल्या असतील तर त्या भिंतीवर वरून काही चिकटवण्याचा विचार सोडून द्या. खालची लादी सुटली की वरची तिच्यासकट येणार.

मग सांधे बघा. लाद्या शाबूत असतात, पण मधली सिमेंटची भर झिजून पोकळ झालेली असते, असं पुष्कळ घरांत दिसतं. यात ॲसिडचा मोठा वाटा आहे. डाग जातात म्हणून आपण दर महिन्याला ॲसिड ओततो. ते डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं आणि पाण्याला खाली जायला वाट करून देतं. तेव्हा तयारीचा भाग म्हणून आजपासून ॲसिड बंद. ॲसिड आणि ब्लीच तर एकत्र कधीच वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. लादीवर पांढरा थर असेल तर तो कुठून आला तेही बघा. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतलं, त्यात क्षार कमी. थर जाड असेल तर बहुधा बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी कारण असतं. साबणाचा चिकट थर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनच्या ब्रशने निघतो. एक सुट्टी त्यात घालवा. घासून झाल्यावर जुनी लादी बरी दिसायला लागली आणि नुसते सांधे नव्याने भरून भागलं, असं आमच्या वाडीतल्या दोन घरांत झालं. याइतका स्वस्त दुसरा उपाय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, जी मिस्त्री सहसा आपणहून करत नाही. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालून सांडपाणी जातं त्या भांड्याच्या, तोंडात कापडाचा बोळा किंवा रबरी बूच घट्ट बसवा. दाराशी उंबरठा नसेल तर ओल्या सिमेंटचा छोटा बांध घाला आणि एक दिवस वाळू द्या. मग जमिनीवर दोन इंच पाणी भरा. चार बाय सहाच्या बाथरूमला साधारण ११० लिटर लागतं, म्हणजे सोसायटीची टाकी भरलेली असेल अशी वेळ निवडा. भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलची खूण करा आणि चोवीस तास कुणी आत जायचं नाही. सुरू करण्याआधी खालच्या घरी जाऊन सांगा, त्यांच्या छताचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पाण्याची पातळी किंचित उतरेलच, थोडं वाफ होऊन जातं. पण चांगली बोटाच्या रुंदीएवढी उतरली किंवा खाली ओल आली, तर जमीन गळते आहे. खाली काहीच दिसलं नाही तरी काम संपलं नाही. बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा आणि पुन्हा खालचं छत बघा. बूच लावलेलं असताना ट्रॅपच्या खालच्या जोडाची परीक्षा झालेलीच नसते आणि जुन्या इमारतींत गळती पुष्कळदा तिथेच असते.

भिंतीतल्या नळ्यांचं वेगळं. बाथरूमच्या पाठची भिंत, बहुतेक घरांत ती बेडरूमची असते, तिथे रंगाचे पोपडे निघतात का बघा. गावाला आठ दिवस जाऊन आलात, बाथरूम वापरलं नाही, तरी भिंत ओलीच असेल, तर संशय नळीवर घ्या. आंघोळी झाल्यावरच ओल वाढत असेल तर सांधे नाहीतर ट्रॅप. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या लोखंडी जीआय नळ्या आतून गंजून अरुंद झालेल्या असतात. नळाला आधी तांबूस पाणी येतं, धार बारीक होते, ही त्याची लक्षणं. असं असेल तर लाद्यांना हात लावण्याआधी प्लंबरला बोलवा, सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिकची) लाइन टाकून घ्या आणि भिंत बुजवण्याआधी तिच्यावर दाब देऊन तपासायला सांगा. नवी लादी लावून झाल्यावर नळी फुटली तर आमच्यासारखं सगळं पुन्हा फोडावं लागतं.

एवढं झाल्यावर आपण कुठल्या वाटेने जायचं ते आपोआप समजतं. जमीन गळत असेल तर ती फोडायचीच. कोब्यापर्यंत काढून, वॉटरप्रूफिंग करून, त्यावर पुन्हा वरचीच पाण्याची परीक्षा घेऊन मग लादी. इथे काटकसर करू नका. मात्र भिंती घट्ट असतील तर त्यांना हात लावायची गरज नाही, आणि तिथे पैसे वाचतात. जमीन गळत नाही, भिंती टणक आहेत, नुसतं रूप जुनं झालंय, तर जुन्या लादीवर नवी चालते. पण त्यासाठी साधा सिमेंटचा माल उपयोगाचा नाही, गुळगुळीत लादीला तो धरत नाही. गोणीवर जुन्या लादीवर लावण्यासाठी असं लिहिलेला पॉलिमरयुक्त अडेसिव्हच (लादी चिकटवायचा तयार माल) घ्या, जुन्या लादीला ग्राइंडरने टाचे मारून घ्या आणि धूळ पूर्ण पुसून घ्या. वीस किलोच्या गोणीत साधारण चाळीस-पंचेचाळीस चौरस फूट होतात. जमिनीवर असा थर चढवायचा विचार असेल तर तीन गोष्टी टेपने मोजा: दार उघडताना खाली किती जागा उरते, नहाणीची जाळी किती वर घ्यावी लागेल आणि बाहेरच्या पॅसेजपेक्षा बाथरूम खालीच राहील ना. लादी आणि अडेसिव्ह मिळून अर्धा इंच सहज वाढतो. भिंतीवरही नळ तेवढे आत जातात, त्यासाठी एक्स्टेन्शन निपल, म्हणजे नळ पुढे आणणारे जोडतुकडे, लागतील, ते प्लंबरच्या यादीत आत्ताच लिहा.

लादीवर लावायचा, दोन डबे एकत्र कालवून कडक होणारा इपॉक्सी रंगही मिळतो. बाथरूमच्या भिंतीच्या वरच्या भागाला, जिथे थेट पाणी पडत नाही तिथे, तो ठीक आहे. जमिनीवर मी लावणार नाही. चिकटवायचे स्टिकर मुंबईच्या दमटपणात कडेने सुटतात आणि मागे बुरशी धरते, त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजमाप स्वतः करा आणि कागदावर लिहा. आमच्या बाथरूमचा घेर वीस फूट, लादी सात फुटांपर्यंत, म्हणजे १४० चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकीचे सोळा वजा, राहिले १२४. बारा बाय अठरा इंची एक लादी दीड चौरस फुटाची, म्हणजे ८३ नग, आणि कापण्या-फुटण्याचे दहा टक्के धरून ९१. जमीन चोवीस चौरस फूट, बारा इंची २४ लाद्या, तीन जास्तीच्या. हा हिशेब हातात असला की दुकानदार चार खोकी जास्त घ्यायला सांगतो तेव्हा आपण ठाम राहतो. उंचीही कमी करता येते. सगळीकडे सात फूट लादी हवीच असं नाही. शॉवरच्या बाजूला पूर्ण आणि बाकी चार फुटांपर्यंत घेतली तर बराच फरक पडतो.

सोसायटीला अर्ज आधी द्या. कामाच्या वेळा, अनामत, लिफ्टमधून गोणी नेता येतात का, हे प्रत्येक सोसायटीत वेगळं असतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-बाथरूममधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने आणि पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरच्या सामाईक नळांची गळती सोसायटीच्या खर्चाने होते. बाहेरची उभी ड्रेनेज लाइन फुटली असेल तर सेक्रेटरींना लेखी कळवा आणि ते काम आधी होऊ द्या. पागडीच्या घरात असाल तर मालकाला विचारल्याशिवाय फोडाफोडी नको. फोडकामाचा मलबा जिन्याखाली किंवा कचराकुंडीपाशी टाकायचा नसतो. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, वॉर्ड ऑफिसमध्ये चौकशी करा, किंवा मिस्त्रीच नेणार असेल तर तो कुठे नेणार ते विचारा. मलब्याच्या गोण्या, बिगारी आणि टेम्पो यांचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत आणि शेवटच्या दिवशी भांडण होतं.

दिवस निवडताना जून ते सप्टेंबर टाळा, दमट हवेत माल आणि सांधे वाळायला वेळ लागतो. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच घर नवं हवं असतं आणि छटपूजेला, होळीला पुष्कळ कारागीर गावी जातात. आम्ही दुसऱ्या खेपेला जानेवारी धरला, शांतपणे झालं.

मिस्त्री ठरवताना त्याने नुकतंच केलेलं एक बाथरूम डोळ्यांनी बघा आणि तिथे मगभर पाणी ओता. सगळं पाणी न थांबता जाळीकडे गेलं तर माणूस कामाचा. मजुरीत काय काय आलं ते एकेक लिहून घ्या: फोडणं, मलबा खाली आणणं, उतार, सांधे भरणं, भांडी आणि नळ काढून परत लावणं, गिझर उतरवून टांगणं. पैसे टप्प्याने द्या. शेवटचा हप्ता पाण्याच्या परीक्षेनंतर, हे सुरुवातीलाच गोडीत सांगून ठेवा. चांगल्या मिस्त्रीला त्याचं काही वाटत नाही. लादी कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला फार वाईट असते. त्यांच्यासाठी मास्क आणि चष्मा आपण आणून ठेवा आणि पाणी मारून कापायचा आग्रह धरा. ते स्वतःसाठी मागत नाहीत.

आता दुकान. जमिनीला मॅट, पाय न घसरणारीच लादी, ओला तळवा टेकवून बघा. बारा इंचीपेक्षा मोठी नको, छोट्या बाथरूममध्ये मोठ्या लादीला उतार नीट देता येत नाही. भिंतीसाठी मागच्या वर्षीच्या डिझाइनची उरलेली खोकी विचारा, बाथरूमपुरता माल त्यात निघतो आणि भावही उतरतो. सगळ्या खोक्यांवर शेड आणि बॅचचा क्रमांक एकच आहे ना, ते दुकानातच बघून घ्या. निदान जमिनीचे आणि शॉवरजवळचे सांधे इपॉक्सीने भरायचे, ते महाग पडतं पण पाणी पीत नाही. ते झटपट घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवायला सांगा आणि लादीवरचा ओशट थर तेव्हाच पुसून घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर धरायच्या दांडीची जागा आताच ठरवा. माझ्या सासूबाईंना उभं करून, त्यांचा हात नैसर्गिकपणे जिथे गेला तिथे आम्ही खूण केली.

इलेक्ट्रिशियनला अर्धा दिवस बोलवून गिझरचं अर्थिंग तपासा. आंघोळीसाठी शेजारी किंवा नातेवाइकांकडे आठवड्याभराची सोय करून ठेवा, संडास एकच असेल तर हे सगळ्यात आधी. काम सुरू व्हायच्या आदल्या रात्री पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह फिरतो का बघा, पिंपं भरा, दारं आणि कपाटं जुन्या चादरींनी झाका. भिंत उघडी असताना नळ्यांचे फोटो मोजपट्टी धरून काढा, पुढे खिळा ठोकताना लागतील. उरलेल्या लाद्यांतल्या सात-आठ तरी परत करू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर शेडचा क्रमांक लिहून, माळ्यावर ठेवा.