घर ते स्टेशन बाईक: मीटर बघून फसू नका, या चुका टाळा

माझी बाईक रोज सकाळी घरून निघते आणि बदलापूर स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहते. अंतर अडीच किलोमीटर. रात्री परत अडीच. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३० किलोमीटर, म्हणजे वर्षाला दीड हजाराच्या आसपास. त्यामुळे सात वर्षं झाली तरी मीटर अजून १२ हजारांच्या आत. बघणारा म्हणतो, "अरे, नवीच आहे की!" मलाही तसंच वाटायचं.

मग एका पावसाळ्यात किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि काही न बोलता ते झाकण माझ्या नाकासमोर धरलं. आतल्या बाजूला फिकट पिवळा फेस, चहावरच्या सायीसारखा. "दादा, यात ऑइल किती नि ताक किती?"

हिशोब तेव्हा कुठे डोक्यात शिरला. रोज दोनदा थंड इंजिन सुरू होतं आणि धड तापायच्या आत बंद होतं. वर्षाला सहाशेच्या वर थंड स्टार्ट. हेच दीड हजार किलोमीटर लांबच्या प्रवासात काढणाऱ्या गाडीला पंधरा-वीस स्टार्टमध्ये भागतं. मीटरला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

ऑइल किलोमीटरवर बदलणं

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे साधारण लिटरभर, फक्त वाफेच्या रूपात. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलच्या खान्यात उतरते. इंजिन गरम असेल तर ती ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. थंड असेल तर धातूला लागून तिचं पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. सोबत न जळलेलं थोडं पेट्रोलही उतरतं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, पटकन तापतं, पण खालचं ऑइल पुरतं तापायला बराच जास्त वेळ लागतो, आणि आपण तोवर पार्किंगवाल्याला पैसे देत असतो.

मॅन्युअलमध्ये ऑइलसमोर किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात आणि "जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं. दुसरा आकडा आपण वाचतच नाही. सर्व्हिसिंगवालाही टाकीवर पुढच्या किलोमीटरचा स्टिकर लावून मोकळा होतो. माझ्या गाडीने ३ हजार किलोमीटरची वाट बघितली तर ऑइल दोन वर्षं तसंच राहील. आता मी स्टिकरखाली पेनाने तारीख लिहितो. वर्षातून दोनदा बदलतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपला की. कम्यूटर बाईकला लागतं लिटरभराच्या आतबाहेर, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

झाकणाला फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका. वीसेक किलोमीटर सलग फिरवून आणा आणि पुन्हा बघा. फेस गेला असेल आणि डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या काडीवरचं) ऑइल स्वच्छ असेल तर ती नुसती दमट हवेची नि छोट्या फेऱ्यांची करामत. डिपस्टिकवरही दुधाळ दिसत असेल तर बदलूनच टाका. कूलंट असलेली गाडी असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र चालवू नका, हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) तपासून घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून खाली उतरत असण्याची शक्यता मोठी.

पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर हवी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत डिपस्टिक काहीही सांगते. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा.

आणि घरात कारचं ऑइल उरलंय म्हणून ते बाईकमध्ये ओतू नका. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजत असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरू शकतो. मग इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू (JASO MA, MA2) लिहिलंय ना, एवढं बघितलं तरी पुरे.

उभ्या उभ्या गाडी तापवणं

आमच्या सोसायटीत एक काका रोज सकाळी गाडी सुरू करून पेपर वाचायला वर जातात. चोक ओढलेला, खाली धूर. त्यांना वाटतं इंजिनची काळजी घेतोय. उभ्या गाडीचं इंजिन सावकाश तापतं, आणि चोक ओढलेला असेपर्यंत जास्तीचं पेट्रोल आत जात राहतं. ते सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि प्लग काळा करतं. प्लग काढल्यावर टोकाशी काजळीसारखी कोरडी काळी भुकटी दिसली तर कारण बहुधा हेच. टोक फिकट तपकिरी असेल तर बरं चाललंय.

मी गाडी सुरू करतो, हेल्मेटचा पट्टा लावतो आणि निघतो. चोक पहिल्या वळणापर्यंत परत आत. पहिला किलोमीटर गाडी पिळायची नाही. बहुतेक बीएस-६ (२०२० पासूनच्या) गाड्यांत चोकची भानगडच नसते, इंजिन किती थंड आहे ते सेन्सर बघतो. पण थंड इंजिनवर रेस मारायची नाही हे त्यांनाही लागू.

याहून वाईट सवय म्हणजे गाडी दहा फूट सरकवण्यासाठी सुरू करणं. धुवायला नळापाशी नेली, बंद. परत जागेवर आणली, बंद. ढकला की! शे-सव्वाशे किलोचीच तर आहे.

थंडीत सायलेन्सरच्या बारीक भोकातून पाण्याचे थेंब पडतात, ते पडू द्या. एकाने ते भोक 'गळती' समजून एम-सीलने बुजवलं होतं. आत साचलेल्या पाण्याने सायलेन्सर आतून कुजतो आणि खालच्या जोडापासून भोकं पडतात.

या सगळ्यावर एकच स्वस्त औषध आहे. रविवारी सकाळी वांगणीपर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, एका लयीत. ऑइलमधली वाफ निघून जाते, बॅटरीही चार्ज होते. घरचे म्हणतात फिरायला जातोय. म्हणोत.

बॅटरी 'नवी आहे' म्हणून निश्चिंत राहणं

सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा करंट जातो. तो भरून निघायला गाडी काही वेळ सलग चालावी लागते. अडीच किलोमीटरमध्ये, त्यातही फाटकापाशी नि रिक्षांच्या गर्दीत, इंजिन निम्मा वेळ आयडलला असतं आणि तेव्हा चार्जिंग जेमतेम असतं. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू. हँडलला मोबाइल चार्जर लावला असेल तर तोही ओढतो. थोडक्यात, रोज खर्च जास्त आणि जमा कमी. सतत अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती वेळेआधी मरते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारचा मुलगा रात्री पावणेअकराला पार्किंगमध्ये अडकला. सेल्फ दाबला की नुसतं टक-टक-टक, आणि मीटरचे आकडे मंद. त्याची गाडी फ्युएल इंजेक्शनवाली, बिनकिकची. चौघांनी धक्का मारून बघितला, काही नाही. कारण इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पार बसली असेल तर धक्क्याने गाडी सुरू होईलच असं नाही. शेवटी रिक्षाने घरी आला.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॅटरीच्या टोकांना लावा. १२.६ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी सुरू करून थोडी रेस द्या, १४ च्या आसपास दिसायला हवं. सुरू असतानाही १३ च्या खालीच राहत असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, चार्जिंग तपासायला सांगा. दुकानदार तुम्हाला आधी बॅटरीच विकेल. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लावून पुसा, कोरडं करा, वर थोडं व्हॅसलीन. टक-टकचं कारण कधी कधी एवढंच असतं.

किक असेल तर सकाळचा पहिला स्टार्ट किकनेच.

चेन झाकलेली आहे म्हणजे ठीक आहे, असं समजणं

पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाडीत चेन दिसतच नाही, म्हणून आठवतही नाही. कव्हरच्या खालच्या बाजूला रबराचं बूच असतं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलला, इंजिन बंद. बूच काढून चेन बोटाने वर-खाली करा. दोन ते तीन सेंटिमीटर खेळ साधारण बरोबर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. मग चाक थोडं फिरवून पुन्हा बघा, कारण जुनी चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ असते. जिथे सर्वात ताठ, तिथला खेळ धरायचा. बोट बाहेर काढताना ते लालसर झालेलं दिसलं तर समजा गंज लागलाय.

दर ५०० किलोमीटरला चेन ऑइल करा, असं सांगतात. माझ्यासाठी ते चार महिने होतात, आणि कोकणपट्टीच्या पावसात चेन आठवड्यात लाल होते. म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, किलोमीटर कितीही होवोत. रॉकेलने किंवा चेन क्लीनरने साफ करून, पुसून, वर ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन लूब. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल लावू नका, त्यात धातूचा कीस असतो. आणि आवाज जावा म्हणून चेन ताणून ताठ करून घेऊ नका. गाडीवर माणूस बसला की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो.

उरलेल्या, पण महागात पडणाऱ्या

दर चार दिवसांनी "शंभरचं टाका" करत टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणं. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढतं. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. निदान अर्धी टाकी ठेवा.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला समजणं. छोट्या फेऱ्यांत टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कडांना बारीक भेगा दिसल्या तर नक्षीकडे बघू नका, बदला. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना.

ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालणं. आत घाम धरतो आणि ज्या नट-बोल्टला पावसानेही गंज लागला नसता त्याला लागतो. कव्हर घालायचंच तर गाडी पुसून, थंड झाल्यावर, हवा खेळेल असं.

शेवटचं, खास पार्किंगवाल्यांसाठी. तिथली पोरं गाड्या ओढून-ढकलून एकात एक बसवतात. संध्याकाळी निघण्याआधी ब्रेकचा नि क्लचचा लिव्हर दाबून बघा, आरसा नंतर. पावसात दोन दिवस उभी राहिलेली ड्रम ब्रेकची गाडी पहिल्या दाबाला एकदम पकडते, तर कधी पकडतच नाही. म्हणून फाटकाबाहेर पडायच्या आधी, चालण्याच्या वेगात, दोन्ही ब्रेक दोन-तीनदा दाबून घ्या. मागून हॉर्न वाजतीलच, सगळ्यांनाच घरी जायचं असतं.