थ्रॉटल बॉडी घरी साफ करताना

पेट्रोल गाडीचं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं फिरणं) वर-खाली होत असेल, सिग्नलला इंजिन बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग, उघडून बघा. क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागातून) येणारी तेलाची वाफ झडपेच्या कडेला चिकट काळा थर धरते आणि हवेची बारीक फट बुजते.

इंजिन थंड हवं. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअर फिल्टरकडून येणाऱ्या रबरी पाइपची क्लॅम्प ढिली करून पाइप बाजूला घ्या. त्यावर एअरफ्लो सेन्सर असेल तर त्याला क्लीनरचा थेंबही लागू देऊ नका.

थ्रॉटल बॉडी क्लीनरच आणा. कार्ब्युरेटर क्लीनर काही गाड्यांत आतला लेप खातो. स्प्रे थेट आत मारू नका, मायक्रोफायबर कापडावर मारून पुसा. खरी घाण झडपेच्या मागच्या बाजूला आणि कडेला असते, तिथे मऊ टूथब्रश चालतो. केबलवाली झडप हाताने उघडता येते. इलेक्ट्रॉनिक झडप मात्र बोटाने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटले तर अख्खी बॉडी बदलावी लागते. तिचा मागचा भाग साफ करायला बॉडी उतरवणंच बरं, सोबत नवं गॅस्केट.

जोडणी झाल्यावर १५ मिनिटं थांबून स्टार्ट करा. आधी थोडं अडखळेल. आयडलिंग चढंच राहिलं तर घाबरू नका: ईसीयू (इंजिनचा संगणक) अजून जुन्या घाणीच्या हिशेबाने झडप उघडतोय. काही गाड्यांत हे आपोआप जुळतं, काहींत स्कॅनर लावून आयडल रीलर्न करावं, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवावं लागतं.