उलटी-जुलाबाची साथ नेमकी कशी पसरली, हे शोधायचं कसं?

उलटी-जुलाबाची साथ आली की लोक आधी शेवटचं जेवण आठवतात आणि स्वयंपाकघराला दोष देऊन मोकळे होतात. नोरोव्हायरसच्या बाबतीत ही घाई तपासाचा घात करते. हा विषाणू अन्नातून पसरतो, पाण्यातून पसरतो, दाराच्या मुठीवरून पसरतो आणि उलटीच्या वेळी उडणाऱ्या बारीक थेंबांतूनही पसरतो. यातला खरा मार्ग कोणता, हे बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या अहवालाआधी वेळांच्या नोंदीतूनच उमगतं.

पहिलं काम म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचं, हे लिहून काढणं. उदाहरणार्थ: 'ठरावीक तारखांदरम्यान त्या ठिकाणी असलेली आणि किमान एक उलटी किंवा २४ तासांत ३ वा जास्त पातळ जुलाब झालेली व्यक्ती.' या व्याख्येत संशयित पदार्थाचं नाव घालू नका. घातलंत तर तो पदार्थ खाल्लेलेच लोक यादीत येतील आणि दोष आपोआप त्याच्यावर जाईल.

मग लाइन लिस्ट, म्हणजे एका व्यक्तीला एक ओळ. वय, खोली किंवा टेबल, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि तास, कोणती लक्षणं, किती तास टिकली, काय खाल्लं-प्यायलं, स्वयंपाकघरात काम करते का, घरात नंतर कोण आजारी पडलं. 'रात्री त्रास झाला' एवढ्यावर थांबू नका. जेवणाआधी की नंतर, झोपेतून उठावं लागलं का, असं विचारलं की माणसाला तास आठवतो. आजारी न पडलेल्यांनाही हेच प्रश्न विचारायचे. ते राहिलं तर तुलना करायला हातात काहीच उरत नाही.

यादी तयार झाली की नोरोव्हायरसची साथ ओळखण्यासाठीचे, संशोधक कॅप्लन यांचे १९८२ चे निकष लावून पाहा: निम्म्याहून जास्त रुग्णांना उलट्या, सरासरी अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणं सुरू होईपर्यंतचा वेळ) २४ ते ४८ तास, आजार सरासरी १२ ते ६० तास, आणि शौचाच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिल्यावर, आजार करणारे जिवाणू नाहीत. चारही जुळले तर नोरोव्हायरसची शक्यता दाट. एक जरी जुळला नाही तरी विषाणू नाकारता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

नमुने लवकर घ्या, त्रास सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांत. किमान ५ रुग्णांचं पातळ शौच, प्रत्येकी १० मिली किंवा जास्त, घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत, ४ अंश सेल्सियसला. फॉर्मालिन अजिबात घालू नका, त्यात विषाणूचं आरएनए (जनुकीय द्रव्य) खराब होतं आणि ते शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी फसते. जिवाणूंच्या तपासणीसाठी वेगळा नमुना लागतो. शक्य असेल तर विषाणूचा जनुकीय क्रमही काढून घ्यावा. दोन ठिकाणच्या रुग्णांत एकच प्रकार सापडला तर दुवा बळकट होतो. पण जीआयआय.४ सारखा नोरोव्हायरसचा प्रकार जगभर इतका आढळतो की नुसतं प्रकाराचं नाव जुळणं हा पुरावा ठरत नाही.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर रुग्णसंख्या. एक खण ६ ते ८ तासांचा ठेवा, कारण दिवसाचा खण घेतला की सगळा आकार एका ढिगाऱ्यात बुजतो. एकच उंच टेकडी आणि सगळे रुग्ण साधारण दीड दिवसात, तर सगळ्यांना एकाच वेळी संसर्ग झाला असावा. मधल्या रुग्णाच्या वेळेतून सुमारे ३३ तास मागे गेलात की संशयित जेवणाची वेळ सापडते. टेकडीमागून दीड-दोन दिवसांच्या अंतराने दुसरी, तिसरी टेकडी उठत असेल, तर माणसाकडून माणसाकडे पसरण चालू आहे. दोन्ही एकत्रही असतं. म्हणून अन्नाचा हिशेब करताना पहिल्या टेकडीतलेच रुग्ण घ्या. घरच्यांकडून लागण झालेले त्यात मिसळले की दोषी पदार्थही निर्दोष दिसू लागतो.

हिशेब साधा आहे. समजा, सॅलड खाल्लेल्या ८० जणांपैकी ४८ आजारी, म्हणजे ६० टक्के. न खाल्लेल्या ४० पैकी ६, म्हणजे १५ टक्के. सापेक्ष जोखीम ४, म्हणजे खाल्लेल्यांत आजारी पडण्याचं प्रमाण न खाल्लेल्यांच्या चौपट. इथेच थांबू नका. सॅलडबरोबर बहुतेकांनी एखादं पेयही घेतलं असेल, तर सॅलड खाल्लं पण पेय घेतलं नाही असे लोक वेगळे काढून पुन्हा मोजा.

पदार्थ कोणताच वेगळा दिसत नसेल तर जागेचा नकाशा उघडा. डिसेंबर १९९८ मध्ये एका हॉटेलात १२६ जण सहा टेबलांवर जेवत असताना एका स्त्रीला तिथेच उलटी झाली. पुढे ५२ जण आजारी पडले, आणि टेबल जितकं तिच्यापासून लांब तितकं आजारी पडण्याचं प्रमाण कमी. त्याच हॉटेलातल्या वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या कोणालाही त्रास झाला नाही. फक्त पदार्थांची यादी तपासली असती तर हे कधीच दिसलं नसतं. म्हणून उलटी कुठे झाली, कोणी आणि कशाने साफ केली, हे प्रश्न प्रत्येक तपासात हवेतच.

पृष्ठभागांचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) साफसफाईआधी घ्या: नळ, फ्लशची कळ, मुठी. पण त्यासाठी सफाई तासन्‌तास अडवून ठेवू नका. हातमोजे आणि मास्क घालून आधी घाण कागदाने उचला, कारण घाण राहिली की क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतं. नंतर १००० ते ५००० पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग) क्लोरीनचं द्रावण लावा. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर २० मिलीत पाणी घालून एकूण १ लिटर केलं की १००० पीपीएम, १०० मिली घेतलं तर ५०००. किमान ५ मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज ताजं करा आणि त्यात आम्लाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. हातांसाठी साबण आणि वाहतं पाणीच. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही.

अन्न हाताळणाऱ्यांना लक्षणं थांबल्यावर किमान ४८ तास कामापासून दूर ठेवा. त्यानंतरही शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा जास्त पडत राहू शकतो, त्यामुळे ते कामावर परतले तरी हात धुण्यावरची नजर ढिली करता येत नाही. शेवटच्या रुग्णानंतर ९६ तास, म्हणजे कमाल अधिशयन काळाच्या दुप्पट वेळ, नवा रुग्ण आला नाही की लाइन लिस्ट बंद करा.